होल्टे हार्डवेअरचं बहात्तर खणांचं कपाट

नाव: व्हर्ना ओस्टरगार्ड. वय: चौऱ्याहत्तर वर्षे. धंदा: दुकानात गल्ल्यावर बसणे. राहणार: ओक स्ट्रीट, टॉलेफ्सनचं घर, बेल्विक, मिनेसोटा.

मी आज पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, ऑफिसर रॉस एंगेबो यांनी दुकानातल्या कपाटाच्या चोरीबद्दल विचारल्यावरून सांगते की, मी वरील पत्त्यावर जन्मापासून राहते. टॉलेफ्सन मंडळी माझ्या जन्माआधीच ओरेगनला गेली, पण बेल्विकमध्ये घर एकदा ज्याचं झालं त्याचंच राहतं. मुख्य रस्त्यावरचं होल्टे हार्डवेअर हे दुकान माझ्या वडिलांचं. त्यांच्यामागे ते माझा थोरला भाऊ आइनार होल्टे, वय एक्क्याऐंशी, याने चालवलं. दोन वर्षांपूर्वी त्याने ते माझा मुलगा कर्टिस याच्या नावावर केलं.

सदर कपाट ओक लाकडाचं असून त्याला बहात्तर खण आहेत. प्रत्येक खणाच्या तोंडावर आतल्या मालाचा एक नमुना स्क्रूने पक्का बसवलेला आहे. दुसऱ्या गावांत खण मापाप्रमाणे लावतात. आमच्याकडे घराप्रमाणे लावलेले होते. बेल्विकची जुनी घरं बांधणाऱ्यांनी त्या त्या वर्षी हाताला लागेल ते सामान बसवलं, त्यामुळे एका घराचा वॉशर दुसऱ्या घराला बसेल तर शपथ. गिऱ्हाईक आत आलं की आइनार आधी विचारायचा, "कुणाच्या घरात राहता?" नवीन माणूस गडबडून म्हणायचा, "माझ्याच." आइनार म्हणायचा, "ते कळलं हो. तुमच्या आधी कुणाचं होतं?" तेवढं कळलं की त्याचा हात न बघता बरोबर खणावर जायचा.

खणांवर नावं नव्हती. नमुना हेच नाव. पितळी नळाचा कान म्हणजे न्यूगार्डचं घर, चिनी मातीची पांढरी मूठ म्हणजे बाक्केंचं. मी लहान असताना आइनार मला डोळे मिटून खण ओळखायला लावायचा आणि चुकले की म्हणायचा, "गेलीस की शेजाऱ्यांच्या घरात, आता तिथंच जेव." दुकानात तेव्हा जवसाच्या तेलाचा आणि जळक्या कॉफीचा वास असायचा. ते दिवस मला फार आठवतात. जबाबात हे बसत नसेल तर गाळा, पण मी सांगितलं.

गेल्या हिवाळ्यात कर्टिसने सगळा माल संगणकावर चढवला. कर्टिस माझा मुलगा आहे म्हणून सांगत नाही, पण त्याने जीव ओतून काम केलं. खण रिकामे करून प्रत्येक वस्तू मापानुसार प्लास्टिकच्या डब्यांत लावली आणि डब्यांवर काळ्या पट्ट्यांची लेबलं चिकटवली. एक खिळासुद्धा हरवला नाही. नंतर पहिल्याच आठवड्यात एक बाई आल्या आणि म्हणाल्या, "कर्टिस, स्वयंपाकघरातला नळ गळतोय रे." कर्टिसने विचारलं, "माप काय?" त्या म्हणाल्या, "मापाचं मला काय विचारतोस? मी न्यूगार्डच्या घरात राहते." कर्टिसने न्यूगार्ड असं टाइप केलं. अशी कोणतीही वस्तू नाही, असं यंत्राने सांगितलं. त्या बाई म्हणजे, ऑफिसर, तुमच्याच मिसेस, लोईस. तुमचा नळ अजून गळतो असं ऐकते.

कपाट रिकामं झालं तरी जागेवर होतं, तोवर आइनार रोज सकाळी येऊन खणांच्या तोंडांवरून हात फिरवायचा. बाक्के, न्यूगार्ड, टॉलेफ्सन, असं पुटपुटत शेवटपर्यंत जायचा आणि मग कॉफी प्यायचा. मार्चमध्ये कर्टिसने कपाट मागच्या खोलीत सरकवून पुढे रस्त्यावरचा बर्फ वितळवायच्या मिठाच्या गोण्या रचल्या. त्यानंतर आइनारची माणसांची नावं सुटायला लागली. एका सकाळी त्याने टोपी काढून मला विचारलं, "बाई, तुम्ही कुणाच्या घरात राहता?" मी म्हटलं, "टॉलेफ्सनच्या." तो म्हणाला, "छान घर आहे ते." मग मी मागे जाऊन रंगाचे डबे नीट लावले. ते नीटच होते.

शुक्रवारी दुपारी फिर्यादी ट्रेव्हर बोलिन शहरातून आले. जुन्या वस्तूंचा त्यांचा धंदा आहे. त्यांनी कर्टिसला पैसे देऊन कपाट घेतलं, हे खरं आहे. कपाट फुटपाथवर आणल्यावर त्यांनी पक्कड काढली आणि समोरचे तीन नमुने उपटले. म्हणाले, "हे भंगार काढून पांढरा रंग दिला की वाइनच्या बाटल्या ठेवायला झकास." आइनार शेजारी उभा होता. बोलिन ॲपल पाय खायला समोरच्या कॅफेत गेले. गाडी आणायच्या आधी ॲपल पाय खाणाऱ्याने नंतर कुणाला दोष देऊ नये, असं माझं मत आहे.

तेवढ्यात आइनारने आपला जुना पिकअप ट्रक मागे घेतला आणि कपाटाचं एक टोक धरलं. या गावात कुणी काही उचलताना दिसलं की लोक विचारत नाहीत, दुसरं टोक धरतात. दुसरं टोक तुम्ही धरलंत, ऑफिसर. गणवेशात होतात. "जपून, आइनार, कंबर सांभाळा," असंही म्हणालात. हे तुम्ही लिहून घेत नाही आहात, ते मला दिसतंय. लिहा.

आइनारचा गाडीचा परवाना डॉक्टरांनी गेल्या वर्षी काढून घेतला आहे. म्हणून मी गल्ला तसाच सोडून बाहेर आले, त्याच्या हातातून किल्ली घेतली आणि गाडी मी चालवली. कपाट कुणाचं आहे हे मला पूर्ण माहीत होतं. तेव्हा चोरी म्हणायची असेल तर त्यात माझंही नाव घाला. बोलिन यांचे पैसे मी पाकिटात घालून आणले आहेत. उपटलेले तीन नमुने फुटपाथवरून उचलले होते, ते हे टेबलावर ठेवते. कुणाच्या घरचे ते मी आइनारला विचारलं. त्याने बराच वेळ हातात फिरवले आणि मला परत दिले. ती तीन घरं गेली.

माझ्या गॅरेजमध्ये कपाट उतरवल्यावर त्याने पहिल्या ओळीपासून हात फिरवायला सुरुवात केली. मी दारात उभी राहिले. चौथ्या ओळीत दाराच्या कडीचा एक नमुना आहे, त्यावर त्याचा हात थांबला. मागे न बघता तो म्हणाला, "व्हर्ना, तुझ्या मागच्या दाराची कडी अजून अडकते का गं?" मी म्हटलं, "अडकते." तो म्हणाला, "मग थंडीत काय उभी राहतेस वेड्यासारखी? पुढच्या दाराने जा आत." मला रडू आलं. हे लिहिलंत तरी चालेल.

हा जबाब ऑफिसर एंगेबो यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात एका ठिकाणी "साक्षीदाराच्या भावाची स्मृती गेलेली आहे" असं लिहिलं होतं, ते मी खोडायला लावलं आहे. ती गेलेली नाही. शुक्रवारपासून माझ्या गॅरेजमध्ये आहे, आणि चोरीचा माल म्हणून तुम्ही ती न्यायला येणार असाल तर दुसरं टोक मी धरणार नाही. बाकी सर्व मी बोलले तसंच उतरलं आहे, म्हणून खाली सही करते.

व्हर्ना ओस्टरगार्ड