कंसातलं कोण वाचणार

लोरी : हस ना गं. निदान एकदा तरी.

नेरिस : हसण्यासारखं आलं की हसेन. कितवं पान हे? नववं. नऊ पानांत मॅब्लीने दोनदा उचकी दिली, तेवढीच काय ती दाद.

लोरी : ती आठ महिन्यांची आहे.

नेरिस : म्हणूनच खरं बोलते. धर जरा हिला. नाही, अशी नाही, ती काय पार्सल आहे? खांद्यावर घे. मान आता धरावी लागत नाही. तू शेवटची आलीस तेव्हा धरावी लागायची.

लोरी : माहितीये मला.

नेरिस : मी नुसतं सांगितलं.

लोरी : नेरिस, उद्या सकाळी पहिल्या भागाचं वाचन आहे. टीव्ही वाहिनीची सगळी मंडळी टेबलाभोवती बसणार, नट वाचणार, आणि कोणी हसलं नाही ना, तर ती माणसं भांडतसुद्धा नाहीत. 'खूप इंटरेस्टिंग' म्हणतात आणि बिस्किटांची बशी पुढे करतात. मागच्या महिन्यात एकाचं 'खूप इंटरेस्टिंग' झालं, तो स्वानसीच्या शाळेत परत भूगोल शिकवतोय.

नेरिस : भूगोल काय वाईट? पेन्शन आहे. आणि मला काय विचारतेस? मालिका तुला दिली, एकटीला. रेडिओवर सहा वर्षं आपण दोघींनी लिहिलं, पण माझं पोट पुढे आलं आणि त्यांना एकदम तुझ्याच नावाचं स्पेलिंग सोपं वाटायला लागलं.

लोरी : मी म्हणाले होते त्यांना, नेरिसला पण...

नेरिस : किती जोरात म्हणालीस?

लोरी : ... फार जोरात नाही.

नेरिस : हं. हे बरं वाक्य आहे. हे का नाही लिहिलंस? चल, दे ते कागद. आणि पेन काढ तिच्या हातातून.

लोरी : सोडत नाहीये.

नेरिस : टोपण घट्ट आहे ना? मग राहू दे. मी पेन्सिलीने करते. हे बघ, पहिली दोन पानं गेली.

लोरी : गेली म्हणजे? त्यात सगळी ओळख आहे! दोघी बहिणी, बेरिल आणि मेग, वडिलांचं लोकरीचं दुकान, थोरलीचं लग्न मोडलेलं...

नेरिस : लोकांना दुकानात शिरू दे. आपण कुणाच्या घरी जातो तेव्हा दारात उभं राहून वंशावळ वाचतात का? भांडण सुरू झाल्यावर आत शिरायचं. आणि ही मेग बघ : 'तू माझी थोरली बहीण आहेस, बेरिल, आणि आई गेल्यापासून तूच मला वाढवलंस.' बेरिलला हे माहीत नाही? ती काय परगावाहून आलीये?

लोरी : प्रेक्षकांसाठी आहे ते.

नेरिस : प्रेक्षकांसाठी मेगला म्हणू दे, 'माझा पाव कापून देऊ नकोस, मी एकोणचाळीस वर्षांची आहे.' झालं. वाढवलं, लाडावलं, वैताग आणला, सगळं आलं.

लोरी : अगं देवा. थांब, लिहून घेते. पेन?

नेरिस : तुझं पेन तुझ्या खांद्यावर आहे. पुढे. नावं झाकून वाच हे पान. कोण कोण बोलतंय सांग.

लोरी : ही बेरिल. ही... मेग? नाही, बेरिल.

नेरिस : ती लोरी आहे. दोघीही लोरी आहेत. दोघी 'म्हणजे कसं असतं ना' म्हणतात. दोघी माफी मागतात. एकीला तरी माफी मागता येता कामा नये.

लोरी : तू वाचायला लागलीस की सगळं सोपं वाटतं. घरी एकटीने वाचलं तर मला माझंच बरोबर वाटत राहतं. आपला नियम मोडला ना, एकीने लिहायचं आणि दुसरीने वाचायचं.

नेरिस : आणि वाचणारी एकाच ठिकाणी दोनदा अडखळली, की वाक्य बदलायचं. वाद नाही.

लोरी : तू कपडे वाळत घालताना वाचायचीस.

नेरिस : आता कपडे जास्त आहेत. आपल्या ओळी नाहीत. आण, तो शेवटचा प्रवेश आण. मेगला व्यापारी मंडळाचा चषक मिळतो. 'वर्षातली उत्तम दुकानदार', नाव एकट्या मेगचं. आणि बेरिल म्हणते... 'मेग, आज मला तुझा फार अभिमान वाटतो. हे यश जितकं तुझं आहे तितकंच...' लोरी, हे काय आहे?

लोरी : थोडं भावुक झालंय का?

नेरिस : भावुक? ही बाई अर्धं दुकान चालवते, पहाटे उठून गठ्ठे फोडते, आणि चषकावर नाव धाकटीचं. आणि तिला अभिमान वाटतो! कुठल्या चर्चमध्ये भेटली तुला ही? कोणी हसत नाही ते याच्यामुळे. तुझ्या बेरिलला काही नकोच आहे. माणसाला काहीतरी हवं असतं, आणि ते नकोच असल्याचं ती दाखवत राहते, तेव्हा हसू येतं. हिला तो चषक हवाय. जीव जातोय तिचा. आणि हे असं लिहून मला विचारतेस, तुला खरंच कळलं नाही?

लोरी : कळलं होतं.

नेरिस : मग?

लोरी : आधी वेगळं होतं. मेग चषक घेऊन येते आणि बेरिल म्हणते, 'अरे वा. कधी दाखवणार टीव्हीवर? नऊला? नाही गं, आम्ही नऊला झोपतो.'

(नेरिस उठून किटली चढवते.)

नेरिस : हे मी तुला फोनवर म्हणाले होते.

लोरी : हो.

नेरिस : तू मालिकेची बातमी द्यायला फोन केलास तेव्हा.

लोरी : हो. म्हणून काढून टाकलं. मग बेरिलला चांगली करत गेले. प्रत्येक वेळी आणखी थोडी चांगली.

नेरिस : म्हणजे बेरिल मी.

लोरी : रागावलीस?

नेरिस : रागावले आहेच. पण कशासाठी ते नीट ऐक. माझं वाईट लिहिलंस म्हणून नाही. माझं चांगलं लिहिलंस म्हणून. माझ्यावर दया केलीस. मी त्या दिवशी फोन ठेवला आणि मॅब्लीच्या बापाला, गेथिनला म्हणाले, लोरीला मालिका मिळाली, किती छान, आणि मग त्याचा आवडता कप घासता घासता फोडला. फुटला नाही, फोडला. मला वाटलं होतं तुझं आपटावं, लोरी. आज सकाळी तुझा फोन आला की जमत नाहीये, तेव्हा मला इतकं बरं वाटलं की मी मॅब्लीला घेऊन स्वयंपाकघरात नाचले.

लोरी : नाचलीस?

नेरिस : गिरकी घेतली. ती खिदळली. आठ महिन्यांत पहिल्यांदा इतकी हसली. विनोद कशात असतो ते तिला कळतं.

लोरी : हे... हे वापरू का?

नेरिस : निर्लज्ज आहेस. थांब. गिरकी नको, ती माझी आहे. नऊचंही काढ, ते फोनवर ठीक होतं, दुकानात चालणार नाही. मेग चषक घेऊन येते. बेरिल हातात घेते, उलटा करते, आत बघते. म्हणते, 'छान आहे. धुवायला सोपा आहे का?'

लोरी : आई गं.

नेरिस : हसू नकोस, संपलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मेग दुकान उघडते. चषक काचेत मांडलेला आहे, अगदी मधोमध. आणि बेरिलने त्याला लोकरीचा झगा विणलाय, चहाच्या किटलीला घालतो तसा. धूळ बसू नये म्हणून. वरपासून खालपर्यंत. नाव दिसतच नाही.

लोरी : आणि दोन कानांना दोन भोकं!

नेरिस : मापात. पण लोकर कोणती? कपाटातली, सगळ्यात भारी, वडिलांनी कधी विकायला काढली नव्हती ती. रात्रभर बसून विणलाय, एक टाका चुकलेला नाही.

(लोरी बाहीने डोळे पुसते.)

नेरिस : रडतेस काय? हसायचं आहे ते.

लोरी : दोन्ही होतंय. आणि संवाद?

नेरिस : काही नाही. सगळं कंसात. मेगने बोलायचं नाही, बेरिलने तर नाहीच. उद्या कंसातलं कोण वाचणार?

लोरी : ऑफिसातली कोणीतरी. नेहमी तशीच असते. 'बेरिल आत येते, बेरिल बाहेर जाते', रेल्वेची घोषणा केल्यासारखं.

नेरिस : मग मेला तो प्रवेश. 'नाव दिसत नाही'च्या आधी थांबायला हवं. तिला काय कळणार किती थांबायचं?

लोरी : तू ये.

नेरिस : मॅब्लीला कोण बघेल? गेथिनला उद्या कामावर जायचंय.

लोरी : घेऊन ये तिला. उचकी दिली तर दाद म्हणून मोजू. पण नेरिस... कंसातलं वाचणारीला वरचं नावाचं पानही वाचावं लागतं. मालिकेचं नाव. आणि खाली...

नेरिस : माहितीये खाली काय असतं ते. सहा वर्षं ऐकलंय.

लोरी : ते मी त्या बाईला वाचायला सांगते. तू त्याच्या पुढच्या पानापासून घे.

नेरिस : कशाला? मला वाचता येत नाही का? दे इकडे. 'लोकर आणि लोकर. भाग पहिला.' नाव भिकार आहे, ते नंतर बघू. 'लेखिका... ' किती बारीक छापलंय हे. 'लोकर आणि लोकर. भाग पहिला. लेखिका, लो...' थांब. पुन्हा घेते.

लोरी : नको. दोनदा अडखळलीस, लेखिकेच्याच नावाशी. वाक्य बदलायचं. वाद नाही. पेन दे.

नेरिस : तिच्या मुठीत आहे अजून. झोपलीये बघ. थांब, मी काढते हळूच, तू उठवशील तिला.