अण्णा पाणी प्यायला उठेनात

लढाईच्या पिक्चरमधी प्रेमाचं गाणं कशाला, असं विचारता व्हय? आमच्या वडिलांचं, अण्णांचंबी तेच म्हणणं. हिरॉईन लाजली की अण्णा "पाणी पिऊन येतो" म्हणून उठणार आणि गाणं संपल्यावरच परतणार.

म्हणूनच मी त्यांना आणि आईला थेटरात नेलं होतं, तेबी लढाईच्या पिक्चरला, कारण दुसऱ्या पिक्चरला अण्णा आलेच नसते. वेरूळची एक मुलगी मला आवडायची, दुसऱ्या दिवशी तिला बघायला पाहुणे येणार होते आणि अण्णांसमोर माझं तोंड उघडत नव्हतं; ते पाणी प्यायला गेले की आईला सांगायचं ठरवलं होतं. पण तोफांवर तोफा चालल्या, गाणं काही येईना. इंटरवल झालं, तरी नाय.

शेवटी एका जवानाला बायको आठवली आणि गाणं लागलं. अण्णा उठले. मी आईला एका दमात सगळं सांगून टाकलं.

"तिलाबी तू आवडतोस का?"

"व्हय."

"मग आजच जाऊ तिच्या घरी."

अण्णा आले, बसता बसता कुरकुरले, "लढाईत प्रेम कशाला घुसडतात, कळत नाय."

"तुमच्या पोराचं लग्न जमावं म्हणून," आई म्हणाली. "उठा, वेरूळला जायचंय."

अण्णा लगेच उठले. पुन्हा पाणी प्यायला.