काचेच्या टाकीत काय सोडावे

(तारापूर, १९८८. जयवंतीबाईंची पडवी. बाकावर समुद्राच्या पाण्याने भरलेली काचेची लहान टाकी. खाली काशीबाई कोळणीचा झाकण काढलेला डबा. पुतण्या आत्माराम हवेच्या पंपाची नळी बसवतो आहे.)

काशीबाई : अगो बाय, गालफड नको उचलू! जिता हाय तो!

जयवंतीबाई : इतकी वर्षे तुझ्याकडून मासे घेते आहे, काशी. गालफड पाहिल्याशिवाय मी पापलेटसुद्धा घरात घेतले नाही. हा तर राहायला येणार आहे.

आत्माराम : काकी, सोडा त्याला. अंगावरचा बुळबुळीत थर बोटांनी निघाला की मासा आजारी पडतो.

काशीबाई : मगाशी एकाचा पोट पन दाबलान. ताजा हाय का बघाला!

जयवंतीबाई : हाताची सवय आहे. ती मला विचारून जात नाही. आत्माराम, निवड कशी करायची ते तू सांग.

आत्माराम : माझी बोईसरची टाकी मोठी आहे, तिथे चालून जातं. ही लहान, म्हणजे पाणी लवकर बिघडतं. नवशिक्यानं यात एखादाच जीव सोडावा, तोही चिवट.

जयवंतीबाई : नवशिकी कोण?

आत्माराम : म्हणजे... टाकीपुरतं म्हणतोय, काकी.

जयवंतीबाई : बरे. पुढे बोल.

आत्माराम : माझं ऐकाल तर हा शंखातला खेकडा घ्या. काहीही खातो. तुम्ही चार दिवस कुठे गेलात तरी त्याला काही होणार नाही.

जयवंतीबाई : मग तो नको.

काशीबाई : का गो? दर्याकाठच्या खडपात हात घालून काडलाय मी. गुनी हाय बिचारा.

जयवंतीबाई : माझ्यावाचून ज्याचे काही अडत नाही, त्याला घरात आणून मी काय करू? त्या पट्टेवाल्या माशाचे सांग.

आत्माराम : तो अजून पिल्लू आहे. दिवसातून दोन-तीनदा ओला जवळा बारीक करून घालावा लागेल. उरलेला लगेच काढायचा, नाहीतर पाणी नासतं.

काशीबाई : येवडा लाड? आमच्या पोरांचा नाय केला कोनी.

जयवंतीबाई : आणि वीज गेली तर?

आत्माराम : पंप बंद पडतो. मग वाटीनं पाणी उचलून वरून सोडत राहायचं, वीज येईपर्यंत.

जयवंतीबाई : म्हणजे घरात माणूस हवेच.

आत्माराम : हवंच.

जयवंतीबाई : रोज?

आत्माराम : रोज.

जयवंतीबाई : उत्तम. हाच घेऊ.

काशीबाई : दोन घे, बाय. डब्यात अजून येक हाय. येकटा काय करल तो?

आत्माराम : नको. एवढ्याशा जागेत एक दुसऱ्याला टोचून मारेल.

जयवंतीबाई : एकटा राहील. माणसे राहतात, माशाला काय धाड भरली आहे?

काशीबाई : आता समजला मला! शनवारी हरेश्वर येतो ना बडोद्याशी, तुला न्याला? म्हनून ह्यो मासा!

जयवंतीबाई : येऊ दे. आईने कुलूप लावून निघावे, असे म्हणणे सोपे असते. दर खेपेला विचारतो, इथे आता तुझे कोण आहे? या वेळी त्याला टाकीपुढे उभा करीन. म्हणेन, आधी सांग, याला जवळा कोण घालणार.

आत्माराम : काकी... आल्या आल्याच सांगायला हवं होतं मी.

जयवंतीबाई : काय? पाणी कमी भरले आहे का?

आत्माराम : पाण्याचं नाही. काल कामावर हरेश्वरदादाचा फोन आला होता. शनिवारी तो येत नाहीये.

जयवंतीबाई : मग पुढच्या शनिवारी येईल.

आत्माराम : तसं नाही. म्हणाला, आईचं मन तिथेच आहे तर राहू दे, आता मी आग्रह करणार नाही. तुमच्यासाठी ठेवलेली खोली त्यानं सासूबाईंना दिलीय.

काशीबाई : अगो माय! सासूला?

जयवंतीबाई : काशी, तुझ्या आवाजाने मासा बुजतो आहे.

काशीबाई : नाय बोलत मी.

आत्माराम : मग हे सगळं... काशीबाई परतीच्या वाटेवर डबा खडपात रिकामा करील. करू दे का?

जयवंतीबाई : कशासाठी? सोड त्याला टाकीत. हळू. धसमुसळेपणा नको. हं. हा कोपऱ्यात का जाऊन राहिला?

आत्माराम : जागा नवी आहे. रुळायला वेळ लागेल.

जयवंतीबाई : लागू दे. आत्माराम, उद्या कामावर गेलास की हरेश्वरला फोन लाव. म्हणावे, आईला बडोद्याला येणे जमणार नाही. घरात जीव आहे, त्याला टाकून तिला निघता येत नाही.

आत्माराम : पण काकी, त्यानं बोलावलंच नाहीये.

जयवंतीबाई : तरीही कळव.