तीनशे बारावी ओळ

भाचा : आत्या, दोन हजार अठरा साल आहे हे. सहीला आता पेनसुद्धा लागत नाही. या टॅबच्या काचेवर बोट फिरव, की झालं.

आत्या : बोट फिरवायला मी काय अंगठेबहाद्दर आहे?

भाचा : तीनदा वाचलास तो कागद! सकाळपासून तीनदा!

आत्या : आणि तिन्ही वेळा तेच लिहिलेलं निघालं.

वकीलबाई : मी पुन्हा थोडक्यात सांगू का, आजी?

आत्या : आजी नको. बाई म्हणा. लायब्ररीत सगळे बाईच म्हणायचे.

वकीलबाई : बरं, बाई. यांची कंपनी दवाखान्यांना नोंदणीचं सॉफ्टवेअर विकते. आता एक मोठी कंपनी हिलाच विकत घेते आहे. शुक्रवारी करार आहे. त्या सॉफ्टवेअरच्या पोटात तुम्ही लायब्ररीसाठी लिहिलेला शोध बसवलेला आहे. रुग्णाचं नाव कसंही लिहिलं तरी त्याची जुनी फाइल सापडते, तो. तो तुम्ही सगळ्यांसाठी मोकळा ठेवला होता, एका अटीवर.

आत्या : कोणीही घ्या, वापरा, विकासुद्धा. पण त्यात सुधारणा करून पुढे दिलीत, तर ती सुधारणाही अशीच मोकळी ठेवा. विहिरीचं पाणी न्या, विहिरीला कुलूप लावू नका.

भाचा : झाली विहीर सुरू. सात वर्षं ही विहीर ऐकतोय मी.

आत्या : ऐकतोयस आणि कुलूप घालून वर बसलायस! तुझ्या लोकांनी एवढ्या सुधारणा केल्या, एक तरी परत दिलीत?

भाचा : राहून गेलं गं.

आत्या : दूध उतू जातं तेव्हा राहून गेलं म्हणतात. सात वर्षं राहून जात नाही, ठोंब्या.

वकीलबाई : म्हणूनच हा कागद. लेखकाने मालकी कंपनीच्या नावे केली, की कंपनीला ती अट लागू राहत नाही. आणि तुमच्या बाबतीत सोपं आहे. कोणती ओळ कोणी घातली याची नोंद प्रोग्राममध्येच असते. सगळ्या ओळींपुढे तुमचंच नाव आहे. म्हणजे एकच सही.

आत्या : माझंच असणार. टाइप मी केलंय.

भाचा : आत्या, नको.

आत्या : काय नको? यांना कळायला नको?

वकीलबाई : काय कळायला नको?

भाचा : काही नाही. तिला जुन्या आठवणी आल्या की...

आत्या : आठवणी नाहीत, पत्रं आहेत. त्या कपाटातला बुटांचा खोका काढ. काढ म्हणते ना! हे बघा, वकीलबाई. सत्त्याण्णव साल. आमच्या लायब्ररीत गणिताचे एक मास्तर यायचे. कार्डावर लेखकाचं नाव एका तऱ्हेने लिहिलेलं, पुस्तकावर दुसऱ्या, म्हणून पुस्तक मिळायचं नाही. फार चिडायचे. मी म्हटलं, चिडता कशाला, उपाय सांगा. तेवढ्यात त्यांची बदली झाली, लांब. तिथून त्यांनी उपाय सांगायला सुरुवात केली.

वकीलबाई : पत्राने?

आत्या : त्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हताच. चौकटीच्या वहीच्या पानावर लिहायचे, प्रत्येक ओळीला लाल शाईने आकडा. मी इकडे टाइप करून चालवायची आणि काय बिघडलं ते कळवायची. आठवड्याने उत्तर. ‘ओळ चौऱ्याहत्तर, कंस चुकला, दोष माझा.’ दोन वर्षं चाललं हे. नऊशे ओळी आहेत त्यांच्या. नाव कसं ओळखायचं, ते सगळं त्यांचं. बाकीची मांडणी माझी.

भाचा : मास्तर जाऊन अठरा वर्षं झाली, आत्या. आता कोण विचारायला येणार आहे?

आत्या : म्हणून तर मी सांगायला हवं.

भाचा : अगं, टाइप करताना तू थोडंफार बदललंही असशील!

आत्या : स्वल्पविरामसुद्धा नाही. माझ्या ओळी हव्यात? घे. मला पटत नाही, पण घे बाबा, तू भावाचा मुलगा. उद्या दादाला काय तोंड दाखवू? पण दुसऱ्याच्या झाडाचे आंबे मी माझ्या हाताने कसे देऊ?

वकीलबाई : मास्तरांचं कोणी आहे?

भाचा : तुम्ही कशाला विचारताय? तुम्ही माझ्या वकील आहात!

वकीलबाई : तुमचीच आहे. पण हे मी आता ऐकलं. करारात लिहायचं आहे, की संपूर्ण मालकी बाईंची होती. खोटं आहे हे ठाऊक असताना तो मसुदा मी पुढे पाठवणार नाही.

भाचा : धन्य! आत्या, हे मला एकट्याला सांगता आलं नसतं तुला?

आत्या : तुला मागच्या रविवारी सांगितलं होतं. तू म्हणालास, विसर.

वकीलबाई : असं?

भाचा : बारा माणसं आहेत माझ्याकडे! सगळ्यांना सांगून बसलोय, शुक्रवारनंतर आपण मोठ्या कंपनीत. मी थकलोय गं. मला विकायचीय ती.

आत्या : कळतं रे. मास्तरांच्या मुलीला मी काल फोन केला. चष्म्याचं दुकान आहे तिचं.

भाचा : आणि? देते का सही?

आत्या : ती म्हणाली, बाबांचं नाव लावा आणि बाबांची अट ठेवा. दुसरं काही नको.

भाचा : म्हणजे सुधारणा सगळ्या उघड्या करायच्या. घेणारे एका मिनिटात पळतील.

वकीलबाई : किंवा त्या नऊशे ओळी काढून नव्याने लिहा.

भाचा : शुक्रवारपर्यंत? आमच्या हुशार माणसांना सात वर्षांत त्यातलं निम्मं कळलेलं नाही!

आत्या : हे शेवटचं पत्र. वाचा, वकीलबाई.

वकीलबाई : ‘ओळ तीनशे बारा चालते आहे, पण मनाजोगी नाही. दोन नावं अगदी जवळची असली की अडखळते. पुढच्या पत्रात बघतो.’

आत्या : पुढचं पत्र आलं नाही.

(तीन वर्षांनंतर. तेच टेबल, तोच बुटांचा खोका.)

भाचा : वकीलबाईंनी विचारलंय तुला. आता कोणतंही काम आलं की त्यांचा पहिला प्रश्न असतो, टाइप कोणी केलं?

आत्या : शहाणी बाई. आणि तुझे ते घेणारे?

भाचा : त्यांनी दुसरीच कंपनी घेतली आणि वर्षभरात बंद केली. माझी बारातली चार माणसं गेली. उरलेली मला शिव्या देत काम करतात. मी अजून थकलेलाच आहे, तुझ्या कृपेने.

आत्या : माझ्या कृपेने कशाला? तू कधी नव्हतास थकलेला? मास्तरांची मुलगी परवा आली होती. दुकानात काचेखाली लावलंय तिने, तुझ्या प्रोग्रामचं पहिलं पान. ‘लेखन : मास्तर. मांडणी व टंकलेखन : बाई.’ माझा चष्मा फुकटात करून गेली.

भाचा : बरं, मी आलोय ते वेगळ्याच कामाला. सगळं उघडं केल्यापासून लोक दुरुस्त्या पाठवतात. काल एक आली. लांबच्या कुठल्याशा दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसणाऱ्या बाई आहेत. आमच्या लोकांनी दिवसभर तपासली. बरोबर आहे.

आत्या : कुठली ओळ?

भाचा : तीनशे बारा.

आत्या : ...नाव लिहिलंय तिने स्वतःचं?

भाचा : मास्तरांच्या खाली.

आत्या : वाच बघू. सावकाश वाच.