त्याच पुडीतलं

देवणीहून लातूरला निघालेल्या एसटीत माझ्या मागच्या सीटवर एक नवरा-बायको बसले होते.

"आज त्या दुकानदाराची खैर न्हाई. बोगस माल इकतो!"

"हळू बोला."

"का म्हणून हळू? सोयाबीन पिवळं पडलं म्हणून त्यानं सूक्ष्म अन्नद्रव्याची पुडी दिली. फवारली, तर समदी पानं करपली!"

"नुसती पुडी फवारली, का तणनाशक बी त्याच पंपात ओतलं?"

"ओतलं! दोन-दोनदा पंप पाठीवर कोण घेणार? समदं गाव तसंच करतंय."

"वेगळं मारा म्हणून बजावलं होतं त्यानं."

"तू त्याचीच बाजू घे! काढ ते करपलेलं रोप, तोंडावर फेकतो त्याच्या."

"हे घ्या. आन् हे बी घ्या."

"हे तर हिरवंगार हाय. कुणाच्या रानातलं आणलंस?"

"आपल्याच. उरलेली पुडी मी नुसत्या पाण्यात कालवून बांधाकडच्या ओळींवर मारली व्हती."





"शांतम्मा, हे हिरवं परत पिशवीत ठेव. दुकानात काढू नको."

"काढणार. त्याच्यासाठीच तर संगं आले."