तिखाडीचं तेल आन काळी मेंढी

आमचा जलम कपिलधारच्या मागल्या डोंगरातला, मेंढरावाल्याच्या घरातला. बाप मेंढरं राखायचा आन दिवाळीच्या अंगाला वढ्याकाठी तेलाची भट्टी लावायचा, ती बी निजामाच्या काळापून घरात चालत आलेली. तेल कशाचं, तर तिखाडीचं, रोशा गवत म्हनत्यात ना, तेच. तुमी चुरगाळून बगा ताई, गुलाबावानी वास येतो का न्हाई? कुनी पेरीत न्हाई, राखीत न्हाई, खडकातून आपलं आपुन येतं, आन पोटात गुलाब घिऊन येतं, मला तर अजून बी नवल वाटतं.

तांब्याची मोठी देग, तिच्यात गवत कोंबायचं, पानी घालायचं, झाकन कनकीनं लिंपायचं आन खाली जाळ. वाफ नळीतून जायाची, नळी वढ्याच्या गार पान्यात, तिकडून पानी ठिबकायचं आन त्याच्यावर तेल तरंगायचं, लई थोडं, डोंगर कापावा आन वाटी भरू नये असं. अत्तरवाले इकत न्यायचे. बाप म्हनायचा, पोरी, हे समुद्रापल्याड जातं, गुलाबाच्या अत्तरात मिसळत्यात. पन पयलं निघालेलं तेल इकायचं न्हाई, घरात ठिवायचं, ही आमची रीत. गुडघं धरलं, कंबर धरली, खरूज झाली, की करडीच्या तेलात थोडं घालून चोळायचं. मव्हं गुडघं त्याच्यावरच चालत्यात बगा.

आता गेल्या हिवाळ्यातलं सांगते. मव्ही सून रेखा कडा गावाकडची, बाप कारखान्यात नोकरीला, तिनं मेंढरू जवळून बघितल्यालं न्हाई. पोरगी गुनाची. आमची काळी मेंढी पयल्यांदाच व्याली, आन कोकरू उभं ऱ्हातंय न्हाई तोवर दुसऱ्या मेंढीनं त्याच्या पायावर पाय दिला. रेखानं मला गुडघं चोळताना बघितल्यालं, तिनं तेच तेल घेतलं आन कोकराचा पाय चोळला, मग पाठ, मग डोकं बी, लेकराला न्हाऊ घालतेत तसं सगळं आंग. मायेनंच केलं हो. पन मेंढी लेकराला वासावरच वळखती. काळीनं हुंगलं आन दिली ढुशी, कोकरू जाऊन पडलं लांब.

मव्हा पोरगा, तिचा नवरा, खवळला, कावून चोळलंस, कुनी सांगितलं तुला. आमी धुतलं, राख चोळली, माती चोळली, त्यो वास काय जातो व्हय! काळीचं पाय धरून पाजायला गेलो तर आंगाखाली घेती का काय असं झालं. दुसरी मेंढी बी जवळ घेईना. पयला चीक पोटात गेला न्हाई तर कोकरू टिकत न्हाई ताई, आन ऊन कलायला लागलं, त्याचं तोंड गार पडलं. रेखा त्याला पदरात घिऊन बसली, म्हनली आत्या, म्या मारलं का हो ह्याला? मव्हं बी डोळं भरलं.

आन तेवढ्यात ध्यानात आलं, की भट्टीवर दिवसभर बसलं की आमाला वासच यायचा न्हाई, आल्या-गेल्याचं डोकं दुखायचं आन आमी आपलं भाकरी खात बसायचो. म्हनलं, काळीच्या नाकाला बी त्योच वास भरला तर कोकराचा तिला येनार न्हाई, आना त्या तेलाची बाटली. पोरगा म्हनतो, आई, आता तिला बी खुळी करती का? म्या ऐकलं न्हाई. करडीच्या तेलात ते थोडं घातलं, बोट भिजवलं आन काळीच्या नाकाडावर, मानंवर, कुशीला लावलं. शिंकली, डोकं झाडलं, गरगरा फिरली, मग गप उभी ऱ्हायली. कोकरू बारीक वरडलं. काळीनं मान वळवली, हुंगलं, परत हुंगलं, आन घशातल्या घशात असा आवाज काढला, फकस्त लेकरासाठी काढत्यात तसा. रेखानं हळूच त्याला कासंला सोडलं. जरा येळ काय बी न्हाई, आन मग त्याची शेपूट लागली हालाय. काय सांगू तुमाला, आंगावर काटा आला. आमी तिला फसवलं न्हाई हां, लेकरू तिचंच व्हतं, त्यांच्यामदला वास तेवढा बाजूला केला.

त्ये कोकरू आता पुढं पळतंय, सापडत न्हाई. बाटलीत तेल थोडंच ऱ्हायलंय, ह्या दिवाळीला रेखा म्हनती, आत्या, भट्टी मी लावते, तुमी नुसतं बसून सांगा. बसते म्हनलं. देवानं एवढंच करावं, ज्या लेकराला त्याच्याच मायनं ढकललं त्याच्याजवळ टायमाला असं कुनीतरी असावं.