न लागलेली तिकिटे

लॉटरी लागलेल्या माणसाचा चेहरा पडलेला तुम्ही कधी पाहिला आहे का? मी पाहिला आहे, आमच्या पार्ल्यातच. शेजारच्या वसंतरावांना बक्षीस लागले, परंतु तीस टक्के कर कापूनच रक्कम हाती आली. मी आयकराची पुस्तके स्वतः वाचून समजून घेतलेली असल्यामुळे त्यांनी मला घरी बोलावले.

"अण्णा, इतकी वर्षं तिकिटं घेतली. तो खर्च वजा करून थोडा कर परत मिळेल ना?"

"मिळणार नाही. लॉटरीच्या उत्पन्नातून तिकिटांचा खर्च वजा होत नाही."

"पुरावा असला तरी?" असे म्हणून त्यांनी पलंगाखालची पिशवी ओढली आणि न लागलेल्या तिकिटांचा ढीग टीपॉयवर ओतला.

नेमक्या त्याच वेळी सुमतीवहिनी लंगडत चहा घेऊन आल्या. त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया वसंतराव 'पैसे नाहीत' म्हणून कित्येक वर्षे पुढे ढकलत आले होते. ट्रे ठेवायला टीपॉयवर जागा उरली नव्हती. वहिनी तशाच उभ्या राहिल्या.

"ही सगळी तुम्ही घेतलीत?"

"अगं, हिशेबासाठी ठेवली होती."

वहिनींनी ट्रे माझ्या हातात दिला.

"भाऊजी, सरकार यातलं काहीच वजा धरत नाही म्हणालात ना?"

"नाही धरत, वहिनी."

"मी धरते." त्यांनी नवऱ्यापुढे हात केला. "पासबुक आणा. उद्या डॉक्टरांकडे जायचंय."